म्हातारीला घरी आणताना

इंटरनॅशनल सिटी, दुबई
माघातला दुसरा रविवार

ती. वसंतदादा यांस,
बारकूचा साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी पहाटे साडेचारला उठून मी गार पाण्याने आंघोळ केली (जानेवारीत इथेही नळाला गार पाणी येतं, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी इतकं तापतं की त्यात तांदूळ टाकले तर भात व्हावा), देवापुढे दिवा लावला, चहा घेतला नाही, तोंडात काही घातलं नाही, आणि आदल्या रात्री जमिनीवर निजल्यामुळे धरलेली पाठ घेऊन कंपनीच्या ट्रेनिंगला गेलो. हे का केलं ते पुढे लिहितोच. पत्राची सुरुवात खुशालीने करावी असं आपल्या गुरुजींनी शिकवलं होतं, आणि ती पायरी गाळून मी एकदम पहाटेवर आलो, कारण नऊ वर्षांनी लिहिताना खुशाली कुठून विचारायला घ्यावी ते कळेना. आता विचारतो. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्यानेही आता कुरकुर सुरू केली असं ऐकलं. वहिनींची दाढ काढली त्या बाजूने त्यांना जेवता येतं का? विहिरीवरच्या आंब्याला यंदा मोहोर धरला का? (हे सगळं मला कसं ठाऊक, असं तुझ्या मनात येईल. आपण दोघं बोलत नव्हतो म्हणून आपल्या बायकाही बोलत नसतील अशी तुझी समजूत असेल, तर माझीही तीच होती. मनोरमावहिनी आणि शालिनी नऊ वर्षं दर गुरुवारी दुपारी फोनवर बोलतात. मला हे गेल्या दिवाळीत कळलं. तुला आज कळतंय. रागावू नकोस, त्या दोघींनी हे घर एक ठेवलं आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही.)

आमच्याकडे सर्व क्षेम. शालिनीची तब्येत बरी आहे. पर्णिका अकरावीत गेली; तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी जुन्याच कंपनीत आहे. रास अल खोरला आमचं वर्कशॉप आहे, हॉटेलांच्या थंड खोल्या आणि मोठे फ्रीज आम्ही दुरुस्त करतो. मी सर्व्हिस सुपरवायझर, म्हणजे यंत्रं माझी माणसं दुरुस्त करतात आणि शिव्या मी खातो. या शिव्या नीट खाता याव्यात म्हणूनच ते ट्रेनिंग होतं. आठवडाभर आधी आमचे मॅनेजर व्हर्नन (मुंबईचे, मनाने चांगले, आवाजाने मोठे) यांनी नोटीस लावली : मंगळवारी ट्रेनिंग, विषय ‘रोल प्ले, अर्थ आणि उपयोग’, प्रत्येकाला एक रोल दिला जाईल. इतरांनी नोटीस वाचली आणि जेवण कंपनी देणार का एवढंच विचारलं. मी मात्र तिथेच उभा राहिलो. मला रोल मिळणार होता. आपल्या घरात रोल मिळणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तुला माहीत आहे, पण हे पत्र मी पर्णिकेला वाचून दाखवणार आहे, आणि तिने आपलं गाव सात वर्षांची असताना शेवटचं पाहिलं, म्हणून तिच्यासाठी चार ओळी लिहितो. चैत्रात आपल्या गावचा बोहाडा असतो. गावातली माणसं देवांचे लाकडी मुखवटे बांधून सांबळाच्या ठेक्यावर गल्लीतून नाचत येतात. पण पहिल्या देवाच्याही आधी म्हातारी येते, आणि म्हातारीचं सोंग आपल्या घरचं. पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा, एक दात, लांब नाक, कपाळाला तीन आठ्या, हातात शिंदीच्या पानांचा झाडू. ती गल्ली झाडत येते. ज्याच्या मनात वर्षभराचं काही साचलं असेल तो तिच्या कानात ते सांगतो. तिने बोलायचं नाही. ऐकायचं आणि पुढे झाडत जायचं. मग त्या झाडलेल्या वाटेवरून देव येतात. जो हे सोंग घेतो तो आदल्या दिवसापासून उपाशी असतो, जमिनीवर निजतो, पायात काही घालत नाही. आणि शेवटी देवळात मुखवटा उतरवला तरी सोंग उतरत नाही. घरातल्या थोरल्याने त्याला घरच्या नावाने तीन हाका मारायच्या असतात. तिसऱ्या हाकेला तो ‘ओ’ देतो, मग तो माणूस. आबांनी, म्हणजे आपल्या वडिलांनी, एकतीस वर्षं हे केलं, आणि दर वर्षी आपली आजी उंबऱ्यावर उभी राहून त्यांना हाका मारायची. आजी गेल्यावर मोठी आत्या मारायची.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते. आबांच्या तेराव्याला गावची पाच माणसं बसली आणि म्हातारी तुझ्याकडे द्यायचं ठरलं, कारण तू थोरला. मला ते सहन झालं नाही. झाडूची पावलं आबांनी मला शिकवली होती, अंगणात, माझ्या वयाच्या आठव्या वर्षापासून. मला वाटलं, म्हातारी माझी आहे. तीन दिवसांनी मी दुबईला निघालो तेव्हा ती माझ्या बॅगेत, घोंगडीत गुंडाळलेली होती. ज्याने कधी दुसऱ्याच्या झाडाची कैरी पाडली नाही त्या तुझ्या भावाने हे केलं. तुला हे त्याच दिवशी कळलं असणार, कारण घोंगडीही तुझीच होती. पण पुढच्या चैत्रात तू गावाला सांगितलंस की मुखवट्याला वाळवी लागली, माझा हलगर्जीपणा झाला. पाच माणसांनी तुला नको ते ऐकवलं, तू खाली मान घालून ऐकलंस, आणि तेव्हापासून तू नाशकाहून आणलेला कागदाच्या लगद्याचा मुखवटा बांधून चालतोस. वहिनींनी शालिनीला सांगितलं की कागदाच्या म्हातारीच्या कानात आता फारसं कोणी काही सांगत नाही. लोक पाया पडतात आणि बाजूला होतात. हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. पण जेवण गोड न लागणं आणि काही करणं यांत मी आणखी तीन महिने घालवले, हेही खरं आहे.

तर तो मंगळवार. ऑफिसातला रोल आणि आपलं सोंग एक नव्हे हे मला कळत होतं, मी इतका भोळा नाही. पण दुसऱ्याचं सोंग घ्यायचं आणि पोटात चहा-बिस्किटं असावीत हे काही माझ्याने होईना. ट्रेनिंगच्या खोलीच्या दाराशी मी सेफ्टी शूज काढून ठेवले. व्हर्नननी विचारलं, प्रेयर आहे का. मी म्हटलं, तयारी आहे. ते म्हणाले, वर्कशॉपमध्ये अनवाणी चालणार नाही, नियम आहे. मी म्हटलं, ही खोली वर्कशॉपच्या नकाशात येत नाही (येत नाही; नकाशा मीच भिंतीला लावला आहे). शिकवायला ओल्गा नावाच्या बाई आल्या होत्या, वसईच्या, मराठी स्वच्छ, स्लाईड इंग्रजीत. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. थोड्या वेळाने मी पाहिलं तर टेबलाखाली त्यांनीही चपला सारून ठेवल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत (मी जेवलो नाही) त्या म्हणाल्या की त्यांच्या गावात गुड फ्रायडेच्या खेळात जो प्रभूचं काम करतो तो चाळीस दिवस कोणाशी भांडत नाही, आणि त्यांचे काका हे काम करायचे तेव्हा काकूंनी वर्षभराची भांडणं त्या चाळीस दिवसांत उरकून घेतली होती.

त्यांनी पडद्यावर अर्थ दाखवला तो मी वहीत उतरवून घेतला. रोल प्ले म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याचं म्हणणं बोलणं, अशा ठिकाणी, जिथे चुकलं तर कोणाचं नुकसान होत नाही. उपयोग चार. पहिला, जे बोलणं अवघड आहे त्याचा सराव. दुसरा, समोरच्याला काय वाटतं ते कळणं. तिसरा, आपण समोरच्याला कसे दिसतो ते कळणं. चौथा लिहायच्या आत स्लाईड पुढे गेली. मला हे सगळं लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त आपल्याकडे त्याची स्लाईड नव्हती.

पहिला खेळ असा होता की मी तक्रार ऐकणारा आणि व्हर्नन हॉटेलातले मुख्य खानसामे, त्यांची थंड खोली बंद पडून सगळी मासळी नासली आहे. आता दादा, तक्रार ऐकण्याची मला एकच रीत येते. मी मान खाली घातली आणि गप्प उभा राहिलो. व्हर्नन मासळीवर दोन मिनिटं ओरडले. मी ऐकत होतो. मग कोळंबीवर बोलले. मी ऐकत होतो. मग मासळी संपली, आणि ते आमच्या हेड ऑफिसवर आले, मग गेल्या वर्षी त्यांना डावलून कोणाला तरी बढती मिळाली त्यावर, आणि सातव्या मिनिटाला त्यांचा मुलगा कॅनडातून दोन-दोन महिने फोन करत नाही यावर आले. मग एकदम थांबले, खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. ओल्गाबाईंनी मला ‘ऐकणे’ या सदरात पाचपैकी पाच दिले आणि ‘तोडगा काढणे’ यात शून्य. मला दोन्ही मार्क बरोबर वाटले. आबांनाही हेच मिळाले असते.

दुसरा खेळ दुपारी होता. मला चिठ्ठी मिळाली. तीत लिहिलं होतं : तुम्ही आणि तुमचा जोडीदार मिळून एक शाखा चालवत होतात. जोडीदार परदेशी निघून गेला, मागचं सगळं तुमच्यावर पडलं. बऱ्याच वर्षांनी आज तो दारात उभा आहे. तुमची तक्रार सांगा. जोडीदार म्हणून ओल्गाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. चिठ्ठी त्यांनी ढिगातून न बघता काढली होती, हे मी नंतर विचारून घेतलं. मी ठरवलं होतं की चाव्या, फायली, गोडाऊन असं काही बोलायचं. पण माझे हात आपोआप पाठीमागे गेले, तू दारात उभा राहतोस तसे, आणि मी म्हणालो, “आलास? जेवून आलास, की जेवायचंय?”

खोली हसली. मीही हसणार होतो. पण सोंग घेतलेला माणूस हसत नाही, आणि पुढचं वाक्य आलं.

“आबा अकरा महिने अंथरुणाला होते. तू दर रविवारी फोन करायचास आणि विचारायचास, आबा कसे आहेत. अकरा महिन्यांत तू एकदाही विचारलं नाहीस, दादा, तू कसा आहेस.”

मी हात तसेच मागे ठेवून पुढे बोललो.

“तुला आबांनी पावलं शिकवली. तेव्हा मी औतामागे होतो. मी औतामागे होतो म्हणून तू शाळेत होतास आणि संध्याकाळी अंगणात होतास. मला कोणी शिकवलं नाही. मी बांधावरून बघून शिकलो. तू म्हातारी नेलीस त्याचं मला काही नाही. मागितली असतीस तर दिली असती. तू मागितलीच नाहीस.”

ओल्गाबाईंनी आता जोडीदार म्हणून उत्तर द्यायचं होतं. त्याऐवजी त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. (त्या सकाळी माझ्याकडून हे शिकल्या की काय, कोण जाणे.) इतक्यात व्हर्ननचा फोन वाजला, एका हॉटेलची थंड खोली खरोखरच बंद पडली होती, आणि ते उठून म्हणाले, ओके, थँक यू, व्हेरी रिअल, खलास. सगळे चहाला गेले.

दादा, यातलं एक वाक्यही तू मला कधी बोललेला नाहीस. मला ते कुठून ठाऊक होतं याचा मी पुष्कळ विचार केला. नऊ वर्षं मी मनात तुझ्याशी भांडत होतो. कारपूलमध्ये, वर्कशॉपात, पूजा करताना सुद्धा. दोन्ही बाजू मीच बोलायचो आणि दर वेळी तू हरायचास, कारण तुझ्या वाट्याला मी धड वाक्यंच देत नव्हतो. त्या दिवशी प्रथमच माझी बाजू बोलायला दुसरं कोणी उभं होतं, त्यामुळे मला पूर्ण वेळ तू व्हावं लागलं. आणि तुझ्या जागेवरून दारात उभ्या त्या माणसाकडे पाहिलं तेव्हा मला तो चांगले बूट घातलेला, रागावलेला आणि बराच लहान वाटला.

आता पुढची अडचण सांगतो, तिला हसू नकोस. चहाला जाताना मला कोणी हाक मारली नाही. म्हणजे ‘रामेश्वर, शुगर?’ असं विचारलं, पण ती हाक नव्हे. या देशात मला बारकू म्हणणारं कोणी नाही. तेव्हा सोंग काही उतरलं नाही. घरी आलो ते पंचा खांद्यावर टाकून दारात हात मागे बांधून उभा राहिलो. ज्याला त्याला, जेवलास का, असं विचारू लागलो. आमच्या बिल्डिंगचा नेपाळी वॉचमन दोन दिवस नुसता होय म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी खरंच जेवायला आला. शालिनीशी बोलताना मी ‘तो दुबईवाला’ असा शब्द वापरू लागलो. दुबईवाला स्वतःहून काही लिहिणार नाही, दुबईवाल्याला आपल्या पलीकडे दिसत नाही. पर्णिका माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पपा, यू आर स्टँडिंग लाइक समवन एल्स.” मी तिला सगळं सांगितलं. तिने मला खुर्चीत बसवलं आणि तीनदा ‘बारकू’ अशी हाक मारली, पण दुसऱ्या हाकेलाच तिला हसू आलं, शिवाय ती थोरली नव्हे. शालिनीने तर नाव घ्यायला साफ नकार दिला. पंचवीस वर्षांत घेतलं नाही ते आता ट्रेनिंगसाठी घेणार नाही, म्हणाली. मग तिने टेबलावर हा कागद आणून ठेवला, वर पेन ठेवलं आणि म्हणाली, “तुमच्या दुबईवाल्याला काही निरोप आहे का?”

मी म्हटलं, “आहे. पत्र लिही म्हणावं.”

“दिला,” म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.

त्याच संध्याकाळी मी कपाटावरची सुटकेस खाली घेतली आणि घोंगडी सोडली. इतकी वर्षं मी दर अमावास्येला नुसत्या सुटकेसपुढे उदबत्ती लावत आलो होतो. उघडायची हिंमत होत नव्हती. (एकदा स्मोक अलार्म वाजला आणि सबंध मजला जिने उतरून खाली उभा राहिला. मी कोणाला काही बोललो नाही.) म्हातारी आहे तशी आहे. दात शाबूत. एसीच्या हवेने डाव्या कानाजवळ बारीक चीर गेली आहे, सुई जाईल इतकी, ती मी बुजवलेली नाही. ते तुझ्या हाताचं काम. मी तिला भिंतीशी टेकवून ठेवली आणि तेवढ्यात शेजारच्या मैमुनाबी विरजण मागायला आल्या. हैदराबादच्या, सत्तरीच्या, मुलाकडे राहतात. म्हातारीला पाहून त्या घाबरतील असं मला वाटलं. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, माझी सासू. मी त्यांना ही कोण, काय करते ते माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी विरजणाची वाटी खाली ठेवली, जमिनीवर बसल्या आणि म्हातारीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन पंधरा मिनिटं काही सांगत राहिल्या. आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. उठताना डोळे पुसून म्हणाल्या, “तुम्हारी बुढ़िया सुनती अच्छा है, बेटा. इसको अब इसके घर भेजो. यहाँ किसके लिए बैठी है?”

मी त्यांची वाटी उचलून तीत विरजण घातलं.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज केला. कंपनीच्या कॉम्प्युटरवर रजेची कारणं आधीच लिहिलेली असतात, त्यांतलं एक निवडायचं : आजार, लग्न, मृत्यू, इतर. मी ‘इतर’ निवडून पुढे लिहिलं, घरची वस्तू परत करणे. व्हर्नन म्हणाले, कुरियर कर ना. मी म्हटलं, ती वस्तू नाही. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं (त्यांनी त्या मंगळवारी संध्याकाळी कॅनडाला फोन केला होता असं मला नंतर कळलं), आणि म्हणाले, आत्ता कामाची गर्दी आहे, चैत्रात जा, इन्शाल्ला मंजूर होईल. तेव्हा चैत्रात येतो आहे. रजा मंजूर झाली की तिकीट काढीन.

झाडूचंही केलं आहे. इथे रस्त्याच्या कडेने सगळी खजुराची झाडं, आणि खजूर म्हणजे शिंदीची थोरली बहीणच. पालिकेचे माळी झावळ्या छाटत होते, त्यांच्याकडून चार मागून घेतल्या. पानं चिरून, भिजवून, आबा बांधायचे तसा तीन गाठींचा झाडू बांधला. तो घेऊन एकदा गच्चीवर पावलं टाकून पाहिली. पावलं सगळी आठवतात. पण आठवतात म्हणजे माझी आहेत असं नव्हे, हे आता मला कळलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की यंदा म्हातारी तूच बांधावीस. गुडघ्याला सोसेल तेवढं चाल, उरलेली गल्ली मी तुझा कोपर धरून तुला नेईन. आणि तू देवळातून निघालास की रांगेत पहिला मी असेन. लोक तिच्या कानात हळू सांगतात, मी मोठ्याने सांगणार आहे, पाचही माणसांना ऐकू जाईल असं : वाळवी लागली नव्हती, मी नेली होती. नऊ वर्षं त्या बिचाऱ्या वाळवीवर खोटा आळ आहे, तो उतरेल. तुझ्यावरचाही उतरेल. तेव्हा तुला रीतीप्रमाणे काही बोलता येणार नाही. ओल्गाबाईंच्या यादीतला पहिला उपयोग मी असा करून घेतो आहे, अवघड बोलणं अशा ठिकाणी बोलायचं की समोरच्याला उत्तर देता येऊ नये. हा माझा लबाडपणा आहे. तो तू चालवून घ्यावास.

वहिनींना नमस्कार. चुकलंमाकलं मोठ्या मनाने पोटात घाल.

तुझा धाकटा भाऊ,
बारकू

ता. क. १ : तुझ्या गुडघ्याचा घेर मोजून कळव. इथे चांगले पट्टे मिळतात. एवढं मोठं पत्र मी खरं म्हणजे हे विचारण्यासाठी लिहायला घेतलं होतं, बाकीचं मध्ये आलं.

ता. क. २ : पत्र टपालात टाकायचं आठवडाभर राहून गेलं. मध्यंतरी ओल्गाबाईंना मी मेसेज करून चौथा उपयोग विचारला होता. त्यांचं उत्तर आलं, ते त्यांच्याच शब्दांत उतरवतो : “चौथा उपयोग नव्हताच, तो नियम होता. ज्याने भूमिका घेतली त्याला तीतून बाहेर आणल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. त्या दिवशी फोनच्या गडबडीत मी तुम्हाला तसंच सोडलं. माफ करा. बाहेर आलात ना?” मी त्यांना लिहिलं, अजून नाही.

ता. क. ३ : चैत्राचं वर लिहिलं आहे ते खोडत नाही, पण ते आता खरं राहिलेलं नाही. मैमुनाबी रोज विचारू लागल्या, बुढ़िया गई क्या. मी व्हर्ननकडे गेलो आणि सांगितलं, चैत्रापर्यंत थांबलो तर मी आणखी एक वर्ष थांबेन, मला माझी खोड माहीत आहे. ते म्हणाले, दहा दिवस, यल्ला (म्हणजे चल, उरक), जा. हे मी दुबईच्या विमानतळावर बसून लिहितो आहे. मशीनमधून बॅग गेली तेव्हा पडद्यावर एक दात दिसला आणि मला बाजूला घेतलं. इथली काळ्या अबायातली अधिकारी बाई होती, तिने घोंगडी सोडायला लावली आणि हिंदीत विचारलं, “ये कौन?” मी म्हटलं, “दादी.” तिने म्हातारीकडे नीट पाहिलं, झाडूकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताने घोंगडी परत गुंडाळली आणि म्हणाली, “दादी को आराम से ले जाओ.” पुढे कोणी काही विचारलं नाही.

ता. क. ४ : हे पत्र तुला टपालाने मिळालेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मी वेशीवरच्या सावरीच्या झाडाखाली बसलो आहे. वहिनी पाण्याला आल्या, त्यांच्या हाती देतो आहे. त्यांना काही विचारू नकोस, त्यांना गुरुवारपासून माहीत होतं. बूट काढून बॅगेत ठेवले आहेत. म्हातारी मांडीवर आहे. आबा गेल्यापासून मला बारकू कोणी म्हटलेलं नाही, आणि घरातला थोरला आता तू आहेस. दारात येऊन तीन हाका मार. पहिल्या दोन हाकांना मी उठणार नाही, रीत आहे. गुडघा दुखत असेल तर उंबऱ्यावर बसून मार, तुझा आवाज इथपर्यंत यायचा.

जेवून आलेलो नाही. जेवायचंय.